चूक क्रमांक १०४

डिसेंबर १९७४ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातून एक अहवाल बाहेर पडला : 'पास्कल-पी कंपायलर, इम्प्लिमेंटेशन नोट्स'. लेखकांत पहिले नाव केशव नोरी यांचे. हेच नोरी पुढे पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात आले. त्या अहवालापासून आज आळंदीच्या एखाद्या लॅबमध्ये स्क्रीनवर लाल अक्षरांत उमटणाऱ्या एररपर्यंत एक सलग धागा आहे, आणि तो मांडायलाच हा लेख. कंपायलरचा इतिहास लिहिताना वेगाबद्दल लिहिले जाते, नव्या भाषांबद्दल लिहिले जाते. कंपायलर माणसाशी बोलायला कसा शिकला, हे मात्र राहून जाते. माझ्या मते त्या इतिहासातले सगळ्यात माणुसकीचे प्रकरण तेच आहे.

पास्कल ही निकलाउस विर्थ यांनी १९७० च्या सुमारास घडवलेली भाषा. ती शिकवायला सोपी, म्हणून विद्यापीठांना हवी होती. पण प्रत्येकाकडचे यंत्र निराळे. झुरिकच्या मंडळींनी यावर शोधलेली तोड सुंदर होती. कंपायलर पास्कलमध्येच लिहायचा आणि त्याने एका काल्पनिक यंत्राची भाषा, म्हणजे पी-कोड, तयार करायचा. ज्याला पास्कल हवी त्याने आपल्या यंत्रावर फक्त त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा छोटा प्रोग्राम लिहायचा. संच टेपवर मिळायचा. कंपायलर चारेक हजार ओळींचा. जगभर कितीतरी ठिकाणी पास्कल पोचली ती याच वाटेने.

त्या कंपायलरच्या पोटात चुकांसाठी एक यादी आहे, दहा खणांची. प्रत्येक खणात दोनच आकडे : ओळीत चूक कितव्या जागी सापडली तो आकडा, आणि चुकीचा क्रमांक, १ ते ४०० मधला. एका ओळीत नऊ चुका नोंदवून झाल्या की दहाव्या खणात २५५ हा क्रमांक पडतो. त्याचा अर्थ, या ओळीत फारच चुका आहेत. छापताना मूळ ओळीखाली चार चांदण्या, मग चुकीच्या जागेखाली वर टोक केलेला बाण, आणि बाणाला चिकटून क्रमांक. बस, एवढेच. विद्यार्थ्याने प्रिंटआउट घेऊन जेन्सन आणि विर्थ यांचे पास्कलचे पुस्तक उघडायचे, मागच्या परिशिष्टात १०४ शोधायचा. तिथे लिहिलेले असे की हे नाव आधी जाहीर केलेले नाही. १४ म्हणजे सेमिकोलन हवा होता. ५१ म्हणजे मूल्य ठेवण्याची खूण हवी होती. १२९ म्हणजे दोन्ही बाजूंचे प्रकार जुळत नाहीत.

आज हे वाचून कुणाला वाटेल की त्या काळच्या लोकांना विद्यार्थ्यांची पर्वा नव्हती. तसे मुळीच नाही. कंपायलर लहान यंत्रावर मावायला हवा होता, आणि शंभर-दीडशे वाक्ये मेमरीत बाळगणे ही चैन होती. म्हणून वाक्ये कागदावर ठेवली आणि यंत्रात फक्त क्रमांक. त्यातही एक गोष्ट या मंडळींनी सोडली नाही : जागा. बाण नेमका रकान्याखाली पडे. पुढच्या काळातल्या कितीतरी मोठ्या, श्रीमंत कंपायलरांनी नुसता लाइन नंबर देऊन हात झटकले. त्यांच्यापेक्षा हा चार हजार ओळींचा कंपायलर अधिक प्रामाणिक होता.

जागेचे महत्त्व कळायला त्याही मागे, पंच कार्डांच्या दिवसांत जावे लागते. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, टीआयएफआर या संशोधन संस्थेत, १९६४ साली सीडीसी ३६०० हे यंत्र आले आणि देशभरातल्या विद्यापीठांचे, संस्थांचे काम त्यावर चालू लागले. फोरट्रानचे एक वाक्य म्हणजे एक कार्ड, आणि कार्डावर ८० रकाने. पहिले पाच वाक्याच्या क्रमांकाला. सहावा रकाना आधीचे वाक्य पुढे चालू आहे हे सांगायला. ७ ते ७२ मजकुराला. उरलेले आठ अशासाठी, की चळत हातातून सांडली तर कार्डे पुन्हा क्रमाने लावता यावीत. आता टंकताना मजकूर एक घर अलीकडे, सहाव्या रकान्यात सुरू झाला की ते कार्ड मागच्या वाक्याचे शेपूट ठरायचे. चूक एका कार्डावर आणि तक्रार भलत्याच वाक्याची. चळत खिडकीत दिलेली, प्रिंटआउट हाती यायला बहुधा दुसरा दिवस उजाडलेला. अशा वेळी एरर मेसेजमधल्या प्रत्येक शब्दाची किंमत एक दिवस होती.

ही किंमत आधी ओळखली ती विद्यापीठांनी, कारण तिथेच शेकडो नवखे एकाच यंत्रापाशी रांग लावून असत. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात १९६५ साली वॉटफॉर नावाचा फोरट्रान कंपायलर तयार झाला, मुख्यतः विद्यार्थ्यांच्या हातून. विस्कॉन्सिनमध्ये डिट्रान झाला. या दोघांवरचे लेख जानेवारी १९६७ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात लागोपाठ छापून आले, आणि डिट्रानच्या लेखाच्या शीर्षकातच होते की हा कंपायलर निदानावर भर देणारा आहे. कॉर्नेल विद्यापीठात रिचर्ड कॉनवे आणि विल्यम मॅक्सवेल त्याहून धीट निघाले. त्यांच्या कॉर्क या भाषेचा कंपायलर चूक दिसली की ती सांगायचा, आणि वर अंदाजाने दुरुस्त करून प्रोग्राम पुढे चालवायचा. नावात एखादे अक्षर चुकले असेल तर जवळचे नाव धरायचा. १९७३ साली कॉनवे आणि विल्कॉक्स यांनी पीएल/सी या कंपायलरवर लिहिले. त्यात हा बाणा टोकाला गेला होता : प्रोग्राम कितीही मोडका असो, त्यातून काहीतरी चालणारे निर्माण करायचेच. दिवसाला एकच फेरी मिळणाऱ्याला याचा फार आधार होता. अंदाज चुकला तर प्रिंटआउटभर भलतेसलते छापून येई, हे खरे. पण त्यातूनही दुसरी-तिसरी चूक त्याच दिवशी सापडे. पुढे टर्मिनल आली, उत्तर मिनिटात मिळू लागले, आणि या दुरुस्तीची निकडच संपली. ती कल्पना मग बरीच वर्षे विसरली गेली.

१९७४ सालीच म्युनिकमध्ये कंपायलररचनेचा एक अभ्यासवर्ग झाला. त्यातल्या जेम्स हॉर्निंग यांच्या व्याख्यानाचा विषय होता, कंपायलरने वापरणाऱ्याला काय सांगावे. त्यांचे म्हणणे असे, की संदेश वापरणाऱ्याने काय लिहिले त्या भाषेत असावा, कंपायलरच्या पोटात काय बिनसले त्या भाषेत नको. हे आज कुणीही मान्य करील. पण त्या वर्षी एकीकडे हे व्याख्यान आणि दुसरीकडे पास्कल-पीचे ४०० क्रमांक. काय करायला हवे ते कळले होते. करायला जागा नव्हती.

मधला दुवा अमेरिकेत सॅन दिएगोला जुळला. तिथल्या केनेथ बोल्स यांच्या गटाने पास्कल-पी घेऊन छोट्या यंत्रांसाठी यूसीएसडी पास्कल केली. तिच्यात चुकांची वाक्ये डिस्कवर एका वेगळ्या फाइलीत ठेवलेली असत. फाइल डिस्कवर असेल तर वाक्य दिसे, जागा वाचवायला ती काढून टाकली असेल तर नुसता क्रमांक. वाक्य आणि क्रमांक यांची ही फारकत लहानशी वाटते, पण कंपायलरचे बोलणे हा स्वतंत्रपणे सांभाळायचा, बदलायचा भाग आहे, याची ती व्यवहारी कबुली होती. एरर मेसेज छापून देणाऱ्या आजच्या लायब्ररींचे बीज मला तिथे दिसते.

पुण्यात टीआरडीडीसी सुरू झाले १९८१ मध्ये. टीसीएस उभी करणाऱ्या फकीरचंद कोहली यांची ती कल्पना. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत सिमेंट, खाणकाम, धातू अशा विषयांबरोबर सॉफ्टवेअरच्या मुळाशी जाणारे संशोधन चालणार होते. नोरी तिथे आले आणि कंपायलर निर्माण करणाऱ्या साधनांवर काम सुरू झाले. डिसेंबर १९८७ मध्ये संगणकशास्त्राच्या पायाभूत विषयांवरची एफएसटीटीसीएस ही परिषद पुण्यात भरली, तिच्या शोधनिबंधांचा खंड नोरी यांनी संपादित केला. १९८८ ची परिषदही पुण्यातच झाली. तिकडे आयआयटी मुंबईत धनंजय धामधेरे कंपायलरच्या विश्लेषणावर काम करत होते, पाठ्यपुस्तके लिहीत होते. पुणे विद्यापीठाच्या कितीतरी मुलांनी 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग' हा विषय धामधेरेंच्या पुस्तकावरून काढला. म्हणजे कंपायलर आतून जाणणारी माणसे आपल्याकडे होती. पण त्या काळी कंपायलरमधला मोठा प्रश्न म्हणजे तयार होणारा कोड वेगवान कसा करावा हा. एरर मेसेज हा शोधनिबंधाचा विषय मानलाच जात नव्हता, इथेही आणि बाहेरही.

सर्वसामान्य विद्यार्थ्याला कंपायलर भेटला तो निळ्या पडद्यावर. बोरलँड कंपनीने १९८३ साली टर्बो पास्कल आणली, ४९ डॉलर ९५ सेंटला. अँडर्स हेल्सबर्ग यांचा हा कंपायलर पहिली चूक दिसताच थांबायचा आणि एडिटरचा कर्सर थेट चुकीच्या जागी नेऊन ठेवायचा. बाण छापण्याची गरजच संपली. १९८७ मध्ये टर्बो सी आली, १९९० मध्ये टर्बो सी++, आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ती पुढची वीसेक वर्षे ठाण मांडून बसली. कंट्रोल एफ-नाइन दाबले की खालच्या खिडकीत मेसेज. 'स्टेटमेंट मिसिंग सेमिकोलन', 'अनडिफाइन्ड सिम्बॉल', 'एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड', 'डिक्लरेशन सिंटॅक्स एरर'. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी ही वाक्ये इंग्रजी म्हणून कमी आणि खुणा म्हणून जास्त पाठ केली. 'एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड' दिसले की बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे पाहायचे, एवढे ठाऊक असे. एल-व्हॅल्यू म्हणजे काय ते व्हायवाच्या आदल्या रात्री.

या सगळ्यात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ऋण मोठे आहे. 'लेट अस सी' या त्यांच्या पुस्तकात जवळपास प्रत्येक प्रकरणाखाली छोटे छोटे प्रोग्राम देऊन त्यांतल्या चुका शोधायला सांगितलेल्या असतात. कंपायलर जे नीट सांगत नव्हता ते वाचकाच्या डोळ्याला शिकवायचा तो मार्ग होता, आणि तो लाखो मुलांच्या कामी आला. 'स्टेटमेंट मिसिंग सेमिकोलन' हा मेसेज चूक असलेल्या ओळीवर न येता पुढच्या ओळीवर का येतो, हे ज्याला कळले त्याला पार्सर, म्हणजे कंपायलरचा व्याकरण तपासणारा भाग, अर्धा कळला. कंपायलर शब्दामागून शब्द वाचत जातो. सेमिकोलन नाही हे त्याला ओळ संपताना कळत नाही, कारण ओळ संपणे ही सीमध्ये घटनाच नाही. पुढच्या ओळीवरचा शब्द हाती आल्यावर त्याला उमगते की हा इथे बसत नाही. तो त्या शब्दाकडे बोट दाखवतो. जिथे अडखळला ती जागा खरी, पण दोष मागे राहिलेला.

आळंदीत १९९९ साली एमआयटी अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग सुरू झाली. त्याच वर्षी चाकणला बजाज ऑटोचा कारखाना आला. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. देहू फाट्यापासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात दरवर्षी संगणक अभियांत्रिकीची किती मुले बाहेर पडतात त्याला गणती नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांनी कंपायलर विषयाचे एक प्रॅक्टिकल केलेले असते : लेक्स आणि यॅक वापरून एक छोटी भाषा ओळखणारा प्रोग्राम. यॅक हे बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सन यांचे १९७५ चे साधन. व्याकरण द्या, पार्सर घ्या. आणि चूक झाली की तो पार्सर दोनच शब्द बोलतो : 'सिंटॅक्स एरर'. जागा नाही, कारण नाही. जर्नलमध्ये आउटपुट म्हणून तेच दोन शब्द चिकटवले जातात. खेदाची गोष्ट अशी, की त्या क्षणी पार्सरला पुष्कळ काही ठाऊक असते. तो तक्त्याच्या ज्या ओळीवर उभा आहे त्या ओळीत, पुढे कोणकोणते शब्द चालले असते, याची यादीच असते. विचारणारा कुणी नसतो, म्हणून ती तिथेच राहते. यॅकचा जीएनयू अवतार असलेल्या बायसनमध्ये ही यादी मागता येते. काय आले आणि काय अपेक्षित होते ते तो सांगतो, आणि २०२० च्या ३.६ आवृत्तीपासून तर संदेश आपल्या हाताने रचायची सोयही आहे. प्रॅक्टिकलमध्ये ती एक ओळ घालायला मुलांना सांगावे, असे मला कळकळीने वाटते.

दोन हजारच्या दशकात लॅबमध्ये लिनक्स आली आणि टर्बोच्या सावलीत वाढलेल्यांना जीसीसी हा मुक्त स्रोताचा कंपायलर भेटला. पहिल्याच ओळीवर कळायचे की 'आयोस्ट्रीम डॉट एच' नावाची फाइल नाही; मग कळायचे की मेनने इंट परत केलाच पाहिजे. हे तरी समजण्यासारखे. पण सी++ च्या टेम्प्लेटमध्ये पाय अडकला की एका चुकीसाठी पडदाभर मजकूर ओसंडायचा, आणि साध्या 'स्ट्रिंग'चे नाव अक्षरप्रकार, त्याचे गुणधर्म, मेमरी देणारा अशा तीन कोनकंसांतून उलगडून छापलेले असायचे. आतली सगळी खरी नावे जशीच्या तशी बाहेर. हॉर्निंग यांनी तीस वर्षांपूर्वी नको म्हटले होते ते हेच.

याच सुमारास आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले आणि जीसीसीचे अंतरंग उलगडणाऱ्या कार्यशाळा होऊ लागल्या. जीसीसीच्या आत उतरणे म्हणजे काय, हे त्या कार्यशाळांना गेलेल्यांनाच माहीत. लाखो ओळी, अनेक दशकांचे थर. संदेश का सुधारत नाहीत याचे उत्तरही त्याच थरांत होते. जीसीसी प्रोग्रामचे जे झाड मनात बांधतो त्यात एखादे व्हेरिएबल म्हणजे एकच गाठ असे, आणि प्रोग्रामात ते वीस ठिकाणी वापरले तरी वीसही ठिकाणे त्याच गाठीला जोडलेली. गाठीवर जागा लिहिलेली ती व्हेरिएबल जाहीर झाले तिथली. वापर कुठे चुकला हे सांगायचे तर ती जागा नोंदलेलीच नाही! गेल्या दशकात या वापरांभोवती जागा सांगणारी वेष्टने घालण्याचे काम झाले तेव्हा कुठे बाण नेमका पडू लागला. वाचनीय संदेश हे शेवटी शब्दांवर हात फिरवून होत नाहीत. ते हवे असतील तर कंपायलरच्या पहिल्या पायरीपासून प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट जपत जावे लागते, त्यासाठी मेमरी खर्चावी लागते. १९७४ मध्ये नव्हती ती हीच.

जीसीसीला जाग आणली क्लँगने. इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर यांनी सुरू केलेल्या एलएलव्हीएम प्रकल्पातून निघालेला आणि ॲपलने २००७ मध्ये खुला केलेला हा कंपायलर पहिल्यापासून लायब्ररींचा संच म्हणून रचला होता. कंपायलरने वापरायची जी लायब्ररी, तीच एडिटरनेही वापरायची. एडिटरला तर जागा अचूकच लागते, म्हणून झाडाच्या प्रत्येक गाठीला सुरुवात आणि शेवट मिळाला. राहिलेला सेमिकोलन क्लँग मागच्या शब्दाच्या टोकाशी दाखवतो. नावात चूक असेल तर जवळचे नाव सुचवतो. कॉर्नेलच्या कॉर्कची आठवण यावी असे. मार्च २०१३ मध्ये जीसीसी ४.८ ने ओळ आणि बाण छापणे नेहमीचे केले. त्यानंतर रेड हॅटच्या डेव्हिड माल्कम यांनी जीसीसीच्या संदेशांवर वर्षानुवर्षे केलेले काम मी फार मोठे मानतो. ते कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही आणि रोज लाखो लोकांच्या उपयोगी पडते.

भाषेच्या अंगाने दोन नावे घ्यायला हवीत. इव्हान चॅप्लिकी यांच्या एल्म भाषेचा कंपायलर २०१५ पासून सरळ 'मी' म्हणून बोलू लागला. मला इथे अमुक सापडले, तुमच्या मनात तमुक होते का, अशा सुरात. त्याचा परिणाम रस्ट या भाषेवर झाला. सप्टेंबर २०१६ च्या १.१२ आवृत्तीत रस्टने संदेशांचा साचाच बदलला. रस्टमध्ये एक मूल्य एका वेळी एकाच नावाच्या मालकीचे असते. ते दुसऱ्याला देऊन टाकले आणि मग पहिल्याच नावाने वापरायला गेलात की ई०३८२ हा एरर येतो. हा संदेश मूळ प्रोग्रामचा तुकडा छापून तीन ठिकाणे दाखवतो : मूल्य पहिल्यांदा कुणाच्या हाती आले, कुठे देऊन टाकले, आणि मग कुठे वापरायला गेलात. मुख्य जागेखाली बाणांची रांग, दुय्यम जागांखाली आडव्या रेघा, प्रत्येकीशेजारी दोन-चार शब्द. खाली सूचना. इतके करून क्रमांकही आहेच. तो सांगून स्पष्टीकरण मागितले की कंपायलर उदाहरणासकट सविस्तर टिपण दाखवतो. पास्कल-पीच्या खणात एक जागा आणि एक क्रमांक होता. इथे अनेक जागा, प्रत्येकीची सुरुवात आणि शेवट, प्रत्येकीचे शब्द. रचना ओळखीची आहे, फक्त खण मोठे झाले.

नवी भाषा रचणाऱ्याला हे सारे हवे असते, पण बाणांची मांडणी करत बसायला वेळ नसतो. म्हणून या चित्राची वेगळी लायब्ररी झाली. रस्टच्या जगात कोडस्पॅन-रिपोर्टिंग, ॲनोटेट-स्निपेट्स, एरियाडनी, मिएट अशा चार-पाच नावाजलेल्या आहेत. त्यांना मूळ मजकूर, जागा आणि शब्द द्यायचे. रंग, रेघा, एकमेकींना न छेदणारी वळणे, टॅबचे हिशेब त्या सांभाळतात. जीसीसीनेही एप्रिल २०२५ मध्ये १५ व्या आवृत्तीबरोबर आपली संदेश छापण्याची यंत्रणा सुटी करून 'लिबजीडायग्नॉस्टिक्स' या नावाने इतरांना वापरायला दिली. म्हणजे लेक्स-यॅकच्या प्रॅक्टिकलमधली दहा नियमांची भाषासुद्धा आता जीसीसीच्या तोंडाने बोलू शकते.

वाचनीयतेला किती महत्त्व द्यावे यावर मोजमापही झाले आहे. २०१७ मध्ये टायटस बारिक आणि सहकाऱ्यांनी ५६ जणांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. लोक एरर मेसेज वाचतात, आणि तो वाचणे त्यांना प्रोग्राम वाचण्याइतकेच अवघड जाते, असे दिसले. त्याच वर्षी बेंगळुरूच्या आयआयएससीमधून आदित्य कानडे, शिरीष शेवडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे 'डीपफिक्स' आले. ६,९७१ चुकलेले सी प्रोग्राम, सगळे नवशिक्या विद्यार्थ्यांचे. त्यांतले २७ टक्के यंत्राने पूर्ण दुरुस्त केले. हे प्रोग्राम जमले होते आयआयटी कानपूरच्या प्रुटर या शिकवणी-प्रणालीत. तिथे अमेय करकरे आणि मंडळींनी २०१८ मध्ये, विद्यार्थ्यांच्याच आधीच्या दुरुस्त्यांवरून शिकणारे 'ट्रेसर' केले. कानडे आणि करकरे दोघेही आयआयटी मुंबईच्या कंपायलर-परंपरेतले. पीएल/सीची विसरलेली दुरुस्ती सुमारे पंचेचाळीस वर्षांनी भारतात नव्या रूपाने उभी राहिली.

चाकणच्या बाजूला मात्र जुनाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहिला. गाडीच्या इंजिनाचे, ब्रेकचे नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर बहुतेक सीमध्ये असते आणि त्याला मिस्रा-सी ही नियमावली लावतात. ब्रिटनच्या मोटार उद्योगाने ती १९९८ मध्ये प्रथम काढली. पुण्यात टीआरडीडीसीमध्ये अशा कोडची तपासणी करणारी साधने घडली. त्यांचे व्हेरिॲब्ज हे साधन आंतरराष्ट्रीय पडताळणी स्पर्धेत आपल्या गटात पहिले आले आहे. पण मिस्राच्या नियमांचा मजकूर मालकीचा आहे. म्हणून सीपीपीचेकसारखे मुक्त साधन बरीच वर्षे नियम मोडला हे सांगे, जागा आणि क्रमांक देई, आणि मजकूर हवा असेल तर विकत घेतलेल्या प्रतीतून फाइल करून आणा म्हणे. १७.७ असा नियमाचा आकडा बघून नवा इंजिनिअर पुस्तक शोधत हिंडे. झुरिकच्या मंडळींना मेमरीने अडवले होते, ते समजून घेता येते. माणसांच्या जिवाशी संबंध असलेल्या नियमाचे वाक्य पडद्यावर दाखवायला मालकी आडवी यावी, हे मला पटत नाही.

आणि एक अडचण खास आपली. प्रोग्रामात मराठी मजकूर आला की बाण घसरतो. 'आळंदी' हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे. युनिकोडमध्ये आ, ळ, अनुस्वार, द आणि वेलांटी अशी पाच चिन्हे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन याप्रमाणे पंधरा बाइट. टर्मिनलच्या घरांत मोजायचे तर अनुस्वाराला घर नाही, वेलांटीला द्यायचे की नाही यावर टर्मिनलांचे एकमत नाही, म्हणून तीन किंवा चार. छापायच्या ओळीत 'आळंदी' आहे आणि त्याच ओळीच्या शेवटी सेमिकोलन राहिला आहे असे समजा. बाइट मोजणारा कंपायलर बाण अकरा-बारा घरे उजवीकडे, मोकळ्या जागेत टाकणार. जीसीसीने २०२१ च्या ११ व्या आवृत्तीपासून रकान्यांचे आकडे दिसणाऱ्या घरांप्रमाणे द्यायला सुरुवात केली, वर सांगितलेल्या लायब्ररीही घरे मोजतात. एडिटरचे बरे असते. त्याला पाच चिन्हांचा हिशेब कळवला की लाल नागमोडी रेघ फाँटच्या मदतीने बरोबर अक्षराखाली येते. टर्मिनलमध्ये जोडाक्षर आले की पुन्हा घोळ.

या साऱ्या लायब्ररी मुक्त स्रोताच्या आहेत, आणि त्यांच्या चाचण्यांत नवी उदाहरणे कुणालाही घालता येतात. आळंदीशेजारच्या चऱ्होलीचे नाव त्यासाठी उत्तम आहे : दिसायला तीन अक्षरे, सात चिन्हे, एकवीस बाइट. त्यातला ऱ एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा साधा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. तसे लिहिले तर चिन्हे आठ आणि बाइट चोवीस होतात. दोन्ही रूपांत बाण 'ली'च्या पुढेच पडला पाहिजे.